पर्फ म्हणतो बोर्ड निवांत आहे, आणि इकडे काट्याची अक्षरं गळतायत (एम्बेडेड लिनक्स, मदत हवी)

वारणाकाठ | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, चार दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं यंत्र गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसतं. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, काटा सिरियलवरून वजन पाठवतो, फॅट मशीन दुसऱ्या सिरियलवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाठवतं, पावती निघते आणि ४जी मोडेमवरून नोंद संस्थेच्या सर्व्हरला जाते. बोर्डावर चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर, १.२ गिगाहर्ट्झ, १ जीबी रॅम, ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवणीची चिप). योक्टोने (एम्बेडेड लिनक्स बांधायचं साधन) बांधलेली इमेज, बोर्डवाल्यांनी दिलेला ५.१० कर्नल, सगळं ६४ बिट.

सकाळी रांग लागलेली असताना मध्येच वजन तीन-चार सेकंद गोठतं. लॉगमध्ये दिसतं की काट्याच्या फ्रेमचा (एका वजनाच्या पूर्ण संदेशाचा) चेकसम (अक्षरं नीट पोचली का ते ताडायचा आकडा) चुकला, म्हणून आमच्या प्रोग्रामने ती फ्रेम टाकून दिली. लागोपाठ अशा फ्रेम गेल्या की केंद्रचालक वजन हाताने टाकतो. हाताने टाकलेल्या वजनावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा? सहा लिटर दुधातलं पाव लिटर म्हणजे त्याच्या घरचा पैसा आहे.

सीपीयूवर ताण येत असेल असं वाटून पर्फ (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सचं साधन) लावला. तिथून नवीनच त्रास सुरू झाला:

पर्फ रेकॉर्ड सुरू करताच म्हणतो की सायकल्स इव्हेंट (प्रोसेसरचे ठोके मोजणारा) मिळत नाही, सीपीयू-क्लॉक वापरतो. रिपोर्टमध्ये ७० टक्क्यांच्या वर 'आर्च सीपीयू आयडल', म्हणजे बोर्ड झोपलेला. आमच्या प्रोग्रामच्या फंक्शनांची नावं नाहीत, नुसते हेक्स पत्ते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पर्फ चालू असला की अक्षरं जास्त गळतात. कॉल ग्राफसाठी (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्या साखळीसाठी) ड्वार्फ पर्याय वापरतेय.

कुठून सुरुवात करू?

---

तिखटभेळ | सोमवार, रात्री ११:३०

शेवटच्या मुद्द्यापासून. तुम्ही वारंवारता दिली नसेल तर पर्फ सेकंदाला ४००० सॅम्पल (कोअर त्या क्षणी कुठे आहे त्याची नोंद) घ्यायला बघतो. ड्वार्फ पर्यायात प्रत्येक सॅम्पलबरोबर प्रोग्रामच्या स्टॅकचे ८ किलोबाइटपर्यंत उचलून फाइलमध्ये टाकतो. गुणाकार करा: एक कोअर पूर्ण कामात असेल तर सेकंदाला ३२ एमबी! ते सगळं ईएमएमसीवर. म्हणजे मोजता मोजता तुम्हीच बोर्डाचा गळा आवळताय. कर्नलच्या लॉगमध्ये 'पर्फ: इंटरप्ट टुक टू लाँग' अशी ओळ आहे का बघा. ती असेल तर कर्नलने स्वतःच वारंवारता खाली आणली आहे.

प्रोग्राम 'नो ओमिट फ्रेम पॉइंटर' घालून परत बांधा, पर्फला ड्वार्फऐवजी एफपी (फ्रेम पॉइंटर) सांगा, '-एफ ९९' (सेकंदाला ९९ सॅम्पल) द्या आणि आउटपुट फाइल टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये ठेवा. ६४ बिट आहे म्हणून हे सोपं. ३२ बिटमध्ये थम्ब कोड असता तर फ्रेम पॉइंटर आर७ की आर११ या गोंधळात एफपीची साखळी तुटलीच असती.

---

जुना_कर्नल | मंगळवार, सकाळी ६:१५

वारणाकाठ ताई, ते ७० टक्के आयडल बघून निराश होऊ नका, ते सीपीयू-क्लॉकमुळे आहे. सीपीयू-क्लॉक हा साधा टायमर. कोअर झोपला तरी टायमर वाजतो आणि झोपेचंही सॅम्पल घेतो. सायकल्स हा हार्डवेअर काउंटर, कोअर डब्ल्यूएफआयमध्ये (पुढच्या इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेची, वाट बघत झोपेत) गेला की तोही थांबतो. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करायची नसते.

आता सायकल्स का मिळत नाही ते शोधू. बूट लॉगमध्ये 'एचडब्ल्यू पर्फइव्हेंट्स: एनेबल्ड विथ आर्मव्ही८ कॉर्टेक्स ए५३ पीएमयू ड्रायव्हर, ७ काउंटर्स अव्हेलेबल' अशी ओळ यायला हवी. सहा काउंटर आणि एक सायकल्सचा, मिळून सात. आहे का?

---

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:०५

ती ओळच नाही. डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) उघडून पाहिला, पीएमयूचा (हे काउंटर असलेल्या भागाचा) नोडच नव्हता. चिपच्या मॅन्युअलमध्ये चारही कोअरचे पीएमयू इंटरप्ट सापडले, प्रत्येकाचा वेगळा. नोड लिहिला, इंटरप्ट अ‍ॅफिनिटीत चारही कोअर दिले. आता बूट लॉगमध्ये ओळ येते, सात काउंटर.

पर्फ स्टॅट छान चालतो, सायकल्स येतात, इन्स्ट्रक्शन्स येतात, कॅश मिस येतात. पण पर्फ रेकॉर्ड ३० सेकंद चालवला तर एकही सॅम्पल नाही! कुठलीही चूक दाखवत नाही, फाइल मात्र रिकामी.

तिखटभेळ, तुमचा गुणाकार वाचल्यावर लगेच एफपी आणि '-एफ ९९' वर आले. पर्फमुळे वाढणारी गळती थांबली, मूळची आहे तशीच आहे.

---

जुना_कर्नल | मंगळवार, रात्री ९:४०

स्टॅट चालतो आणि रेकॉर्ड चालत नाही, म्हणजे काउंटर मोजतोय पण भरल्यावर वाजणारी घंटा तुमच्यापर्यंत पोचत नाही. 'प्रॉक इंटरप्ट्स' उघडा, आर्म-पीएमयूच्या ओळी बघा. चारही रकान्यांत शून्य असणार.

मॅन्युअलमधला आकडा जसाच्या तसा नोडमध्ये टाकलात का? मॅन्युअलवाले बहुतेक वेळा जीआयसीचा (इंटरप्ट कोअरपर्यंत पोचवणाऱ्या भागाचा) पूर्ण आयडी देतात. शेअर्ड इंटरप्ट ३२ पासून सुरू होतात आणि डिव्हाइस ट्रीमध्ये ते ३२ वजा करून लिहायचे असतात. न करता लिहिलंत तर कर्नल भलत्याच, मोकळ्या लाइनवर कान लावून बसतो. त्याला ती लाइन मिळते, त्यामुळे तो तक्रारही करत नाही.

---

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

दादा, तेच होतं! ३२ वजा केले, रेकॉर्ड चालू झाला. प्रॉक इंटरप्ट्समध्ये आकडे पळतायत. दोन रात्री मी कर्नलचे कॉन्फिग चाळत होते.

---

स्टुटगार्टकर | मंगळवार, रात्री ११:१०

आता नावांचं बघून टाकू. योक्टोच्या इमेजमधली बायनरी स्ट्रिप केलेली (नावं काढून टाकलेली) असते, म्हणून हेक्स. पर्फची फाइल लॅपटॉपवर आणा आणि रिपोर्ट काढताना '--सिमएफएस' ने बिल्डची स्ट्रिप न केलेली रूटएफएस दाखवा. कर्नलची नावं येत नसतील तर 'केपीटीआर रिस्ट्रिक्ट' तपासा. कॅलसिम्समध्ये (कर्नलच्या फंक्शनांच्या नाव-पत्त्यांच्या यादीत) सगळे पत्ते शून्य दिसले की तेच कारण.

---

वारणाकाठ | बुधवार, रात्री ८:३०

नावं आली. सगळी. आणि तरी उत्तर नाही.

आज केंद्रावर बसून मोजलं. आमचा प्रोग्राम, डेटाबेस, पावतीचा प्रिंटर, कुणीच जागा अडवून बसलेलं नाही. चारही कोअर मिळून पाव भागही वापरात नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर वजन गोठलं. एक आजी किटली घेऊन उभ्या होत्या, स्क्रीनकडे बघत. त्यांना काय सांगणार मी?

एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवली आहे. एकदा '-एफ ९९' ने मोजलं तेव्हा कोअर ० वर 'कन्सोल अनलॉक' हे कर्नलचे संदेश कन्सोलवर छापणारं फंक्शन ११ टक्के दिसलं. जास्त बारकाईने बघावं म्हणून ४००० ने मोजलं तर तेच ०.३ टक्के. दोन्ही वेळा वजन गोठत होतंच. ९९ ला सॅम्पल कमी, म्हणून ११ हा आकडा चुकीचा असावा असं धरून चालले आहे.

---

जुना_कर्नल | बुधवार, रात्री ९:००

थांबा थांबा. उलट आहे. ११ खरा आणि ०.३ खोटा असण्याची शक्यता मोठी आहे.

आर्मवर पीएमयूचा इंटरप्ट हा इतरांसारखाच साधा इंटरप्ट. कर्नलने एखाद्या भागात इंटरप्ट बंद ठेवले असतील तर पर्फची घंटाही बाहेर ताटकळते. इंटरप्ट परत चालू होतात त्या ओळीवर ती वाजते आणि सगळं पाप त्या ओळीच्या माथी जातं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी बोलत नाही: बंद काळात कितीही सॅम्पल व्हायला हवे असोत, ताटकळते ती एकच घंटा. समजा इंटरप्ट सलग १० मिलिसेकंद बंद होते. ४००० च्या वेगाने तिथे ४० सॅम्पल पडायला हवेत, पडतो एक. ९९ च्या वेगाने एक पडायला हवा, एक पडतो. म्हणून वेग कमी केल्यावर तुमचा आकडा खऱ्याजवळ गेला. ११ चे चाळीस भाग करा, ०.३ च्या आसपासच येतं.

कन्सोल अनलॉकच्या आत कुणीतरी दहा-दहा मिलिसेकंद इंटरप्ट बंद करून बसतंय.

---

तिखटभेळ | बुधवार, रात्री ९:२५

बाप रे. इतकी वर्षं मी लोकांना 'बारीक बघायचं तर वेग वाढवा' असं सांगत आलो. स्यूडो-एनएमआय (इंटरप्ट बंद असतानाही आत येणारा इंटरप्ट) लावला तर हे दिसेल ना? कर्नल ५.१० पासून पर्फला तो वापरता येतो.

---

जुना_कर्नल | बुधवार, रात्री ९:३२

जीआयसी-व्ही३ असेल तर येतो. ताईंच्या बोर्डावर काय आहे?

---

वारणाकाठ | बुधवार, रात्री ९:३५

जीआयसी-४००. म्हणजे व्ही२. नाही येणार.

---

स्टुटगार्टकर | गुरुवार, रात्री १२:४०

मला हे स्वतः पाहिल्याशिवाय झोप येईना. घरी रास्पबेरी पाय ४ आहे, त्यातही जीआयसी-४००. दहा ओळींचं कर्नल मॉड्यूल लिहिलं: एका कोअरवर दर १०० मिलिसेकंदांनी इंटरप्ट बंद, १० मिलिसेकंद नुसतं फिरत राहायचं, इंटरप्ट चालू. त्या कोअरचा १० टक्के वेळ इथे जातोय हे मला आधीच माहीत, कारण मीच घालवतोय. मग त्याच कोअरवर सीपीयू-क्लॉकने मोजलं.

'-एफ ९९': जवळजवळ १० टक्के.
'-एफ ४०००': ०.३ टक्के.

जुना कर्नल, तुमचं म्हणणं तंतोतंत. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं काहीतरी प्रत्येक नवीन बोर्डावर एकदा चालवून बघायचं, असं मी आजपासून ठरवलं आहे. दुकानदार सकाळी वजनमाप ठेवून काटा तपासतो तसं.

---

वारणाकाठ | गुरुवार, रात्री ९:१५

स्टुटगार्टकर, मनापासून धन्यवाद, तुमचे आकडे वाचून हुरूप आला. आज कर्नल परत बांधून 'आयआरक्यू-ऑफ' ट्रेसर चालू केला. तो इंटरप्टचा सगळ्यात लांब बंद काळ नोंदवून ठेवतो. दिवसभराचा कमाल आकडा १८० मायक्रोसेकंद! १० मिलिसेकंद कुठेच नाही. पण त्याच वेळी सायक्लिकटेस्ट (ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जाग येते ते मोजणारी चाचणी) कोअर ० ला बांधून चालवली तर तिचा कमाल उशीर १० मिलिसेकंदांच्या वर. दोन मोजमापं, दोन उत्तरं. आता मी कुणावर विश्वास ठेवू?

---

जुना_कर्नल | गुरुवार, रात्री १०:०२

सायक्लिकटेस्टवर. ती बाहेरून बघते.

५.१० चा प्रिंटकेचा (कर्नलच्या छपाईचा) सोर्स उघडा, कन्सोल अनलॉक फंक्शन. कन्सोलच्या ड्रायव्हरला बोलावण्याच्या आधी 'स्टॉप क्रिटिकल टायमिंग्ज' आहे आणि नंतर 'स्टार्ट'. शेजारी कॉमेंट आहे, छपाईचा उशीर ट्रेस करू नका अशा अर्थाची. आयआरक्यू-ऑफ ट्रेसरला तिथे मुद्दाम डोळे मिटायला सांगितलं आहे. छपाईला वेळ लागणार हे ठाऊकच असतं, त्याने खरे उशीर झाकले जाऊ नयेत, म्हणून. तुमच्या बाबतीत नेमका तोच उशीर खरा निघाला.

फंक्शन ग्राफ ट्रेसर घ्या, 'सिरियल ८२५० कन्सोल राइट' एवढंच फंक्शन लावा. ते किती वेळ घेतं ते थेट छापून येईल. १० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर आकड्याच्या आधी चांदणी दिसेल.

---

वारणाकाठ | शुक्रवार, रात्री ८:४८

चांदण्या दिसल्या. ओळीच्या ओळी. १०.४ मिलिसेकंद, १०.३, परत १०.४.

आता सगळं जुळतंय, हिशेब मांडते. चुकलं तर सांगा.

डीबग कन्सोल सिरियलवर आहे, ११५२०० वेगाने. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. मोडेमचा ड्रायव्हर जी ओळ छापतो ती टाइमस्टॅम्पसकट साधारण १२० अक्षरांची. भागाकार केला की १०.४ मिलिसेकंद. तेवढा वेळ कोअर ० वर इंटरप्ट बंद, कारण प्रत्येक अक्षर पोर्टातून बाहेर पडेपर्यंत कर्नल तिथेच थांबून राहतो.

काटा ९६०० वर बोलतो, एका अक्षराला १.०४ मिलिसेकंद, फ्रेम २२ अक्षरांची. त्या पोर्टाचा फिफो (आलेली अक्षरं थांबण्याची जागा) १६ अक्षरांचा आणि ८ अक्षरं आली की इंटरप्ट येतो. तो इंटरप्टही कोअर ० वरच जातो, आम्ही कधी हलवलाच नव्हता. आठव्या अक्षराच्या सुमारास कोअर ० छपाईत अडकला तर पुढच्या आठ जागा ८.३ मिलिसेकंदांत भरतात आणि ९.४ ला येणाऱ्या नवव्या अक्षराला जागाच उरत नाही, ते गळतं. चेकसम चुकतो. फ्रेम गेली.

'प्रॉक टीटीवाय ड्रायव्हर सिरियल' मध्ये काट्याच्या पोर्टासमोर 'ओई' चा आकडा ४१२. ओव्हररन एरर. तो आकडा पहिल्या दिवसापासून तिथे लिहिलेला होता.

आणि मोडेम सकाळीच का बोलतो? दूध आलं की बल्क कूलरचा कॉम्प्रेसर चालू होतो, व्होल्टेज बसतं, मोडेम यूएसबीवरून उतरतो आणि परत चढतो. चढता-उतरताना ड्रायव्हर पानभर ओळी छापतो. लॅबमध्ये कूलर नाही, म्हणून लॅबमध्ये कधीच दिसलं नाही.

---

तिखटभेळ | शुक्रवार, रात्री ९:०१

हा हिशेब वाचून अंगावर काटा आला. मग आता कन्सोलच बंद करून टाका.

---

जुना_कर्नल | शुक्रवार, रात्री ९:२०

कन्सोल बंद करू नका. शेतात बसलेला बोर्ड उद्या पॅनिक झाला तर शेवटचे शब्द ऐकायला तेवढीच एक वाट असते. कन्सोलची पातळी खाली आणा, लॉगलेव्हल ४ करा. मोडेमच्या त्या ओळी माहितीच्या पातळीवरच्या असतील तर त्या पोर्टावर न येता फक्त बफरमध्ये राहतील आणि डीमेसेजमध्ये वाचता येतील.

दुसरं, काट्याच्या पोर्टाचा इंटरप्ट 'एसएमपी अ‍ॅफिनिटी' मधून कोअर २ वर न्या. हे केलंत की कोअर ० वरची छपाई लांबली तरी काट्याला वाट पाहावी लागणार नाही. तिसरं, 'आरएक्स ट्रिग बाइट्स' ८ वरून ४ करा. १२ जागा हाताशी राहतील, म्हणजे सुमारे १३.५ मिलिसेकंद. तिन्ही करा, एकावर भिस्त नको.

---

पहिलीपायरी | शनिवार, दुपारी १२:१०

फार शिकायला मिळालं, वाखूसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न विचारते. आमच्याकडे लिनक्स नाही, कॉर्टेक्स-एम४ आणि साधी आरटीओएस (लहान रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. तिथे पर्फसारखं काय वापरायचं?

---

स्टुटगार्टकर | शनिवार, दुपारी २:३०

एम४ मध्ये डीडब्ल्यूटी नावाचा भाग असतो, त्यात सायकल काउंटर आहे. फंक्शनच्या आधी वाचा, नंतर वाचा, वजाबाकी करा. डीबगरला एसडब्ल्यूओची (चिपमधून ट्रेसची माहिती बाहेर नेणारी) तार जोडलेली असेल तर ठराविक सायकलींनी प्रोग्राम काउंटर बाहेर पाठवायची सोय आहे. ती हार्डवेअरच करतं, त्यामुळे इंटरप्ट बंद असले तरी सॅम्पल येतात. ताईंच्या बोर्डाला जे जमलं नाही ते तुमच्या लहान चिपला जमतं. एम० आणि एम०+ मध्ये मात्र तो सायकल काउंटर नाही. तिथे एक जीपीआयओ पिन वर-खाली करायची आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर बघायचं.

---

वारणाकाठ | पुढच्या रविवारी, सकाळी ९:४०

आठ दिवस झाले. तिन्ही बदल केले, बोर्ड केंद्रावर आहे. कूलर रोज चालू होतो, मोडेम रोज उतरतो-चढतो, मुद्दाम तसाच ठेवला होता. 'ओई' चा आकडा आठ दिवस शून्य. आज सकाळी सहापासून स्वतः तिथे उभी होते. १३७ पावत्या निघाल्या, एकही वजन हाताने टाकावं लागलं नाही. त्या आजीही आल्या होत्या, पावती घडी करून कनवटीला लावली आणि गेल्या.

पीएमयूचा नोड बोर्डवाल्यांना पाठवला आहे, त्यांच्या पुढच्या रिलीजमध्ये येईल म्हणाले.

आता मोडेमच्या पुरवठ्याचं उरलं. ५ व्होल्टच्या लाइनवर उद्या स्कोप लावतेय. जुना कर्नल दादा, ट्रिगर किती व्होल्टवर ठेवू?

---

जुना_कर्नल | रविवार, सकाळी १०:०५

४.७ वर, उतरती बाजू, सिंगल शॉट. प्रोब मोडेमच्या अगदी कनेक्टरपाशी लावा, बोर्डाच्या इनपुटला नको. आणि कूलर चालू व्हायच्या आधी जाऊन बसा.